ट्रॅक्टर : पारेषणातील तेलगळती व शक्तिक्षय

ट्रॅक्टरच्या एंजिनात निर्माण होणारी शक्ती क्लच, गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांच्या द्वारा मागील चाकांपर्यंत आणि पी.टी.ओ. दंडापर्यंत, म्हणजे अवजारास शक्ती पुरविणाऱ्या दंडापर्यंत, नेणाऱ्या समग्र रचनेस पारेषण असे म्हणतात. त्या रचनेतील तेल बाहेर झिरपणे आणि ओढीचे बळ कमी पडणे या दोन तक्रारी यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी बहुधा एका दमात सांगतो; तथापि दोहोंचे मूळ एकच असते असे गृहीत धरून ट्रॅक्टर उघडावयास घेणे हे या दुरुस्तीतील सर्वांत खर्चिक असे कृत्य होय.

वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या जिल्ह्याची जमीन मुख्यत्वे काळी, कापसाची. एप्रिल-मे महिन्यांत, पारा 42 अंशांच्या वर गेलेला असताना, भेगाळलेल्या ढेकळांत नांगरट चालते, आणि त्या धुळीने गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतील तापलेल्या हवेस वाट देणारी लहानशी नळी, बुजून जाते. मग कोंडलेला दाब धडधाकट ऑइल सीलमधूनही तेल बाहेर लोटतो. म्हणून सील बदलण्यापूर्वी ब्रीदर साफ करून पाहावा, हा इलाज अक्षरशः बिनखर्ची आहे. कापूस निघाल्यावर रोटाव्हेटरने पऱ्हाटी बारीक करताना तिची साल व बांधावरील प्लॅस्टिकच्या दोऱ्या पी.टी.ओ. दंडाभोवती गुंडाळल्या जाऊन सीलची कड कापतात. ही गळती मागील बाजूस चटकन दिसते व तिची दुरुस्ती तुलनेने सोपी असते.

तेल जेथे टपकते तेथून ते निघालेले असतेच असे नाही. ते कवचावरून ओघळत सर्वांत खालच्या बोल्टाशी येऊन थेंब धरते, आणि वाटेत काळी माती त्यावर बसून तिची खपली तयार होते. ही खपली प्रथम खरवडून, जागा डिझेलने धुऊन, कोरडी पुसून तिजवर खडूची पूड भुरभुरावी. मग ट्रॅक्टर भाराखाली काही वेळ चालवून ओलाव्याची रेघ सर्वांत वर कोठे उमटते ते पाहावे. क्लचच्या कवचाखालील छिद्रातून पडणारा थेंब विशेष बारकाईने पाहण्याजोगा आहे : तो काळा असल्यास एंजिनाच्या क्रँकशाफ्टचे मागील सील गेले असण्याचा संभव अधिक, मधाच्या रंगाचा असल्यास गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे. दोहोंसाठी ट्रॅक्टर मधोमध विलग करावा लागतो, आणि मृगाच्या तोंडावर तो काही दिवस अडकून पडणे म्हणजे पेरणीचा घात चुकणे होय. यास्तव हा निर्णय घेण्यापूर्वी वरील परीक्षा चुकवू नये.

एक गळती मात्र जमिनीवर मुळीच दिसत नाही. ज्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप एंजिनाच्या गिअरांवर बसविलेला असतो, त्यांत पंपाच्या दंडाचे सील फाटले की पारेषणाचे तेल एंजिनात उतरते. एका डिपस्टिकवरील पातळी घटते व दुसरीवरील चढते. मालक दरवेळी तेल भरीत राहतो आणि गळती कोठे याचा शोध लागत नाही. म्हणून सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून, तेल निवू देऊन, दोन्ही डिपस्टिका एकत्र पाहण्याचा परिपाठ ठेवावा, अशी या नोंदीची आग्रहाची सूचना आहे. तेल दुधासारखे पांढुरके दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते.

शक्तिक्षयाची परीक्षा निराळी. चढावर वा भरल्या ट्रॉलीखाली एंजिनाची गती वाढावी पण चाकांनी वेग धरू नये, आणि जळकट वास यावा, तर क्लच घसरत आहे. तो पायडलच्या मोकळ्या हालचालीअभावी घसरतो की प्लेटीवर तेल चढल्यामुळे, हे प्रथम पायडलच तपासून ठरवावे. तेलाने भिजलेली प्लेट धुऊन वापरण्याचा मोह टाळावा, कारण अस्तरात मुरलेले तेल तापताच पुन्हा पृष्ठावर येते. याउलट एंजिनाचीच गती खाली येऊन काळा धूर निघत असेल, तर पारेषणास दोष न देता हवेची जाळी व इंधनाची यंत्रणा यांकडे पाहावे.

हॅरी फर्ग्युसन यांच्या 1946 पासून निघालेल्या टीई-20 ट्रॅक्टरात गिअरबॉक्स व हायड्रॉलिक उचल यांस एकच तेल पुरविण्याची रचना होती. भारतातील पुष्कळ ट्रॅक्टरांतही साठा सामाईकच असतो, सबब पातळी खाली गेल्याची वर्दी बहुधा प्रथम उचलीकडून येते. पंप कण्हतो व तेलास फेस येतो. सकाळी सहज उचलला जाणारा नांगर दुपारी अडखळत असेल, तर तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून निसटते असे समजावे. उचललेला नांगर एंजिन बंद करताच खाली बसू लागला, तर दोष सिलिंडरच्या सीलांत वा झडपेत शोधावा. तो स्थिर राहतो पण सावकाश उठतो, अशा वेळी चोषणाची जाळी प्रथम काढून धुवावी.

दुरुस्तीनंतर निर्मात्याने सांगितलेल्या जातीचेच तेल भरावे. तेलात बुडालेले ब्रेक असणाऱ्या ट्रॅक्टरात हाताशी आलेले एंजिन-तेल ओतल्यास ब्रेक किंचाळू लागतात व त्यांची पकड बिघडते. भरल्यावर उचल अनेकदा वरखाली करून हवा काढावी, पातळी पुन्हा पाहावी, आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर बोल्ट व जोड यांवर हात फिरवून ओल आहे का ते तपासावे.