बोभाट्याआडची नर्तकी

जर्मन चित्रकार ओट्टो डिक्स याने १९२५ साली अनिटा बर्बर हिचे व्यक्तिचित्र रंगविले. लाल पार्श्वभूमी, अंगासरसा लाल पोशाख आणि रंगरंगोटीखाली ओढलेला पांढराफटक चेहरा. पाहणाऱ्यास ती उतारवयाकडे झुकलेली स्त्री वाटते. प्रत्यक्षात तिने नुकतीच पंचविशी गाठली होती.

अनिटाचा जन्म १८९९ मध्ये लाइपझिग येथे झाला. वडील व्हायोलिनवादक, आई गायिका. आईवडील विभक्त झाल्यामुळे तिचे बालपण ड्रेस्डेन येथे आजीपाशी गेले. पुढे बर्लिनमध्ये रिटा साकेटो हिच्याकडे तिने नृत्याचे रीतसर शिक्षण घेतले व १९१६ मध्ये रंगमंचावर पदार्पण केले. तिच्या कलेला साधनेचे अधिष्ठान होते, ही गोष्ट पुढील बोभाट्यात विसरली गेली.

१९१८ च्या पराभवानंतर जर्मनीत काही काळ चित्रपटांवरील नियंत्रण उठले. त्या मोकळिकीत रिचर्ड ओस्वाल्ड याने 'अँडर्स आल्स दी आंडर्न' (१९१९) हा मूकपट काढला. समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरविणाऱ्या कायद्याचा त्यात निषेध होता. कॉनराड फाइटच्या या चित्रपटात अनिटाचीही भूमिका होती. १९२० मध्ये त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आली.

सेबास्टियन ड्रोस्टे या नर्तकासह तिने व्हिएन्नात कार्यक्रम केले. दुर्गुण, भय आणि उन्माद यांच्या नृत्यांविषयीचा दोघांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'कोकेन' या नृत्यात व्यसनाने पोखरलेल्या देहाची तडफड तिने साकारली. ती तडफड तिच्या परिचयाची होती. ती स्वतः अमली पदार्थांच्या आहारी गेली होती. प्रेक्षकांपैकी अनेक जण मात्र केवळ विवस्त्र देह पाहण्यासाठी येत. त्यांच्याशी तिचे खटके उडत. त्या भांडणांचीही चर्चा होई आणि नृत्य मागे पडे. अर्थात या कुप्रसिद्धीला तिने स्वतःही खतपाणी घातले, हे नाकारता येत नाही.

१९२८ मध्ये पश्चिम आशियाच्या दौऱ्यावर असताना दमास्कस येथे ती कोसळली. क्षयाने ग्रासलेली अनिटा बर्लिनला परतली आणि १० नोव्हेंबर रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, मरण पावली.

तिचे नृत्य आज मुख्यत्वे छायाचित्रांवरून आणि त्या ग्रंथावरून अजमावावे लागते. डिक्सचे चित्र मात्र श्टुटगार्टच्या संग्रहालयात सुस्थितीत आहे. त्यात तिची दुष्कीर्ती दिसते, तिचा पदन्यास दिसत नाही. तिचा इतिहास लिहिणाऱ्याने शोध घ्यावयाचा तो त्या पदन्यासाचा.