दहा फुटी काठी आणि पळून जाण्याचं शहाणपण

खेळांच्या इतिहासावरच्या या मालेतलं आजचं व्याख्यान आपण एका किंमतपत्रकापासून सुरू करू या.

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून एक खोका विक्रीला आला. आत तीन पातळ पुस्तिका. किंमत १० डॉलर, पहिली छपाई १००० प्रतींची. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. आज ज्याला आपण फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम म्हणतो, तसा छापून बाजारात आलेला हा पहिला खेळ. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगायचं तर चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, आणि एक जण पंच होतो. पंच सांगतो समोर काय दिसतंय, खेळाडू सांगतात आम्ही काय करतो, आणि निकाल जिथे अनिश्चित असेल तिथे फासे पडतात.

पहिल्या पुस्तिकेत सामानाची यादी आहे. तलवार १० सोन्याची नाणी. ठीक आहे, वीर म्हटला की तलवार आलीच. पण त्याच यादीत ५० फूट दोर आहे, १ नाणं. बारा लोखंडी खुंट्या, १ नाणं. सहा मशाली, १ नाणं. आणि दहा फूट लांब काठी, तिचंही १ नाणं. आता राक्षसांशी लढायला निघालेल्या माणसाला दहा फुटी काठी कशाला हवी?

उत्तर सोपं आहे. भुयारातून चालताना पुढची फरशी ठोकून बघायला. खाली खड्डा असेल तर काठी आत जाते, माणूस वाचतो. पण या सोप्या उत्तरामागे मोठा प्रश्न आहे, आणि आज आपला विषय तोच आहे. या खेळात हुशारीने खेळणं म्हणजे नेमकं काय, हे कोणी ठरवलं? आणि ते काळानुसार बदललं का?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. बुद्धिबळ आपल्याकडच्या चतुरंगापासून निघून इराणमार्गे युरोपात गेलं, हे आपण सगळे जाणतो. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या शिक्षकांनी त्या बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यात वेगवेगळ्या जमिनी घालून युद्धाचा खेळ केला. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने तो नकाशावर आणला. दोन बाजूंच्या मध्ये पंच बसवला. खेळाडूने पंचाला हुकूम सांगायचा आणि पंचाने परिणाम सांगायचा. पण नियम इतके झाले की खेळ रखडायला लागला. म्हणून १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी मांडलं की नियमांची पोथी बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निर्णयावर विश्वास ठेवा.

इथे खरी कलाटणी आहे. बुद्धिबळात उंट तिरकाच जातो, त्याला नदी पोहून जा म्हणता येत नाही. पण पंच माणूस असेल तर खेळाडू काहीही करून बघतो म्हणू शकतो. अमेरिकी सैन्यातल्या टॉटन यांनी १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगॉस' या पुस्तकात हीच परंपरा नेली. ते जुनं पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती पडलं. १९६९ मध्ये त्यांनी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर खेळ मांडला. लढाईआधी गावातल्या मंडळींच्या भूमिका वाटून दिल्या. खेळाडूंनी लढाई ठेवली बाजूला आणि आपापल्या भूमिकेत शिरून कारस्थानंच सुरू केली. वेस्लींना वाटलं, खेळ फसला. खेळाडू मात्र म्हणाले, परत कधी? त्या खेळाडूंत आर्नेसन होते.

तेव्हा पहिला मुद्दा पक्का करू. या खेळातलं पहिलं हत्यार तलवार नाही, पंचाला विचारलेला नेमका प्रश्न आहे. 'मी खोली शोधतो' म्हणणारा खेळाडू फाशाच्या भरवशावर राहतो. 'फरशीवरची धूळ कुठे पुसलेली आहे? वारा कुठून येतोय? मशालीचा धूर कुठे वळतोय?' असं विचारणारा बऱ्याचदा फासा न टाकताच उत्तर मिळवतो. दहा फुटी काठी हा असाच एक प्रश्न आहे. लाकडाचा, एवढंच.

आता दुसरा मुद्दा, गुणांच्या हिशेबाचा. यात इतिहासाच्या अभ्यासकाला सगळ्यात जास्त सापडतं.

पात्र बलवान होतं ते अनुभवाच्या गुणांवर. गुण कशाचे? १९७४ च्या पुस्तिकेत एक उदाहरण आहे. एका जादूगाराने ट्रोल नावाच्या राक्षसाला हरवून ७००० सोन्याची नाणी मिळवली. हिशेब असा की ट्रोलचे ७०० आणि सोन्याचे ७०००. पुन्हा ऐका. राक्षसाचे सातशे, खजिन्याचे सात हजार. म्हणजे तोच खजिना ट्रोल झोपलेला असताना दोराने खिडकीतून उतरवून नेला, तर तुमचं नुकसान फक्त सातशे गुणांचं, आणि जीव शाबूत.

पुढे हे प्रमाण आणखी कलतं. १९८१ मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी नवशिक्यांसाठी संपादित केलेली आवृत्ती घेऊ. योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला २००० गुण लागतात. साध्या ऑर्कला मारल्याचे १०. म्हणजे नुसती मारामारी करायची तर एकट्याने दोनशे ऑर्क मारायला हवेत, आणि बरोबर साथीदार असतील तर गुण वाटले जातात ते वेगळंच. आणि या योद्ध्याचा जीव केवढा? आठ बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढा. ऑर्कचा घाव सहा बाजूंच्या फाशाचा. दोन घावांत कारभार आटोपतो. हा हिशेब मांडला की तिथला शहाणपणा आपोआप कळतो. लढाई हा उत्पन्नाचा धंदा नव्हता, तो खर्च होता.

मग बाकीचे नियम एकेक करून जागेवर बसतात. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजायचा. मशाल एक तास टिकते. दर दोन पाळ्यांनी पंच फासा टाकतो, एक पडला की भटका राक्षस हजर. या भटक्यांजवळ खजिना सहसा नसतो. म्हणजे रेंगाळणाऱ्याला दंड, आणि बदल्यात काही नाही. त्यामुळे कुठे जायचं, काय आणायचं आणि किती मशाली उरल्या की परत फिरायचं, हे निघण्याआधी ठरवायचं. कसलेल्या खेळाडूची निम्मी मोहीम गावातच झालेली असते.

राक्षस समोर आलाच, तरी तो लगेच अंगावर येईलच असं नाही. त्याची वृत्ती दोन फाशांनी ठरते, आणि दोन्हींवर एक-एक पडला तरच तो थेट हल्ला करतो. छत्तिसात एकदा. मधल्या बहुतेक आकड्यांत बोलायला जागा आहे. आणि पळायची वेळ आली तर त्याचीही तजवीज आहे. १९७४ च्या तिसऱ्या पुस्तिकेत पाठलाग थांबवायची युक्ती आकड्यांत दिलीय. बुद्धी नसलेल्या राक्षसापुढे खाणं टाकलंत तर तो थांबायची शक्यता शंभरात ९०, बुद्धिमान राक्षस मात्र खाण्याला शंभरात १० वेळाच भुलतो. सोनं टाकलंत तर नेमकं उलट. पळून जायचे नियम इतक्या बारकाईने लिहिणारा माणूस पळणं हा खेळाचाच भाग मानत होता.

१९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'च्या शेवटाकडे गायगॅक्स यांनी यशस्वी मोहिमेवर सल्ला दिला आहे. उद्दिष्ट ठरवा, एकमेकांना साथ द्या, वाटेत भलतीकडे वळू नका, विनाकारण चकमक टाळा, असा त्याचा सूर आहे.

आता इथे जरा थांबू. म्हणजे सत्तरच्या दशकातले सगळे खेळाडू असे शहाणे, संयमी होते का? अहो, जिथे 'येथे थुंकू नये' अशी पाटी असते, तिथे लोक काय करत असतात हे तुम्हाला सांगायला हवं का? नियम म्हणजे वर्तनाची नोंद नव्हे. चकमक टाळा असं छापून सांगावं लागलं, यावरूनच वाटतं की बरीच मंडळी दार दिसलं की लाथ घालत होती. आमचं स्वतःचंही तेच झालं होतं. आम्ही मित्र पहिल्यांदा जुन्या नियमांनी खेळलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिसऱ्या दारामागे पाचही पात्रं गारद झाली. पळायची वाट मोकळी होती. पण 'चला, निघू या' म्हणायची लाज प्रत्येकाला वाटली. त्या रात्री एक मित्र रागावून गेला तो महिनाभर फिरकला नाही. पुठ्ठ्याच्या वीरांपायी खरी मैत्री ताणली गेली.

तेव्हाचे पट्टीचे खेळाडू काय करत, याचा एक दाखला आहे. १९७५ मध्ये बाल्टिमोरला ओरिजिन्स नावाच्या मेळाव्यात गायगॅक्स यांनी 'टूम ऑफ हॉरर्स' हे भुयार मांडलं. सापळ्यांनी ठासून भरलेलं आणि लढाया अगदी मोजक्या. त्याआधी घरच्या मंडळींत रॉब कुंट्झ यांच्या रोबिलार या पात्राने ते पार केलं होतं. कसं? आपल्या पदरचे ऑर्क एकेक करून पुढे पाठवून. ते सापळ्यांत गेले, रोबिलार वाचला. शेवटच्या दालनात कवटी हलायला लागताच त्याने खजिना भरला आणि धूम ठोकली. डावपेच म्हणून बिनतोड. पण त्या बिचाऱ्या ऑर्कांचं काय, हा प्रश्न गुणांच्या हिशेबात कुठे बसत नाही. तेही ध्यानात ठेवू.

दुसरा दाखला १९८७ च्या नोव्हेंबरचा. 'ड्रॅगन' मासिकाचे संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या पंचाच्या कोबोल्डांची हकिकत लिहिली. कोबोल्ड म्हणजे खेळातले सगळ्यात किरकोळ जीव, एका फटक्यात मरणारे. पण या कोबोल्डांना भुयाराचा कोपरा न् कोपरा ठाऊक. ते आडोशाआडून बाण मारत, वाट आगीने अडवत, समोरासमोर येतच नसत. बलाढ्य वीर त्यांच्यापासून सुटायला खालच्या मजल्यांवर पळत, जिथे खरे भयंकर राक्षस होते! बळ पात्राच्या कागदावर असतं, पण ते चालेल की नाही हे जागा ठरवते. हा धडा पंचांनी गिरवला आणि खेळाडूंनीही.

मग हे शहाणपण मागे का पडलं? कारण हिशेब बदलला. १९८१ मध्ये 'विझर्ड्री' हा संगणकावरचा खेळ आला, त्यात अनुभव मिळे तो राक्षस मारून. काठीने फरशी ठोकतो म्हणावं, तर प्रोग्रॅममध्ये तशी सोय असायला हवी. संगणक पंचासारखा ऐकून घेत नाही. १९८६ च्या जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट'ने ही रीत घरोघरी नेली. तेच ते दुबळे राक्षस पुन्हा पुन्हा मारून पातळी वाढवायची. इंग्रजीत त्याला ग्राइंडिंग म्हणतात, आपलं 'दळण दळणं'च ते. टेबलावरच्या खेळातही १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत पात्र घडवायचे इतके पर्याय आले की डावपेच भुयारातून उठून घरच्या टेबलावर आले. कोणत्या पातळीला कोणतं कौशल्य घ्यायचं, याची आखणी महिनोन्महिने आधी व्हायला लागली.

यात कुणी बिघडलं असं आम्ही म्हणत नाही. लोक हिशेबाप्रमाणेच वागले, आधीही आणि नंतरही. म्हणून कोणताही असा खेळ हाती घेतलात, टेबलावरचा किंवा मोबाइलवरचा, तर आधी एवढंच शोधा की इथे गुण कशाचे मिळतात? खजिन्याचे असतील तर लपा, बोला, पळा. राक्षसांचे असतील तर पात्र लढण्यासाठी घडवा आणि जागा आपण निवडा. कथेतला टप्पा गाठल्याचे असतील तर ज्या लढाईने कथा पुढे सरकत नाही ती सोडून द्या.

वेळ संपत आलीय, एक चिठ्ठी आलीय ती घेऊ. विचारलंय, 'पळून गेलं तर मजा काय राहिली?' प्रश्न रास्त आहे. आमचा तो रुसलेला मित्र परत आला, तेव्हा आम्ही एक ठरवलं. कुणीही एकाने 'निघू या' म्हटलं की बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही. पुढच्याच खेळात त्यानेच ते म्हटलं. मशाली संपत आल्या होत्या, मागे काहीतरी सरपटत होतं, शिध्याची पिशवी फेकून आम्ही पळालो. वर पोचलो तेव्हा हाती जेमतेम तीसेक नाणी होती. त्या मोहिमेच्या गोष्टी आम्ही अजून सांगतो. जिंकलेल्या कितीतरी लढाया मात्र आता आठवतही नाहीत.

इथेच थांबू या.