नव्या मुख्याध्यापकासाठी साडेतीनशे वर्षांपूर्वीचे पत्र

नवा मुख्याध्यापक रुजू झाला की सत्कारात एक सल्ला हमखास मिळतो: शिवाजी महाराजांचे व्यवस्थापन अभ्यासा. अभ्यासायचे नेमके काय, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून भाषणे बाजूला ठेवून एक अस्सल पत्रच वाचू.

१६७३-७४ च्या सुमाराचे हे पत्र चिपळूण भागात मुक्कामी असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिले आहे. त्यातले वर्ष शुहूर सनात, अरबी शब्दांत आहे. अर्बा, सबैन, अलफ म्हणजे चार, सत्तर, हजार, एकूण १०७४. उर्दू शिकवणाऱ्याला हे शब्द घरचेच वाटतात.

मजकूर साधा आहे. दाणावैरण आताच संपवली तर पावसाळ्यात घोडे मरतील आणि त्याचे पाप तुमच्या माथी येईल. मग शिपाई कुणब्यांकडून धान्य, भाजी, लाकूड ओढून आणतील. कुणबी गाव सोडतील, त्यांना मोगलही बरे वाटू लागतील. लागेल ते बाजारातून विकत आणा. रात्री दिवा जळत ठेवू नका. उंदराने पेटती वात ओढली तर गवताची गंजी जाईल.

'मोगल' शब्दावर इथे भांडण नको. मोगल म्हणजे शत्रूची फौज, आणि आपली फौज तिच्याहून वाईट ठरू नये, एवढीच चिंता आहे.

हे आज उपयोगी आहे का? साठ्याबाबत पूर्णपणे. शालेय पोषण आहाराचा तांदूळ असो की आपल्या भंडारा जिल्ह्यातले धान खरेदी केंद्र, बारदाना किती, माल कुठे ठेवला, पाऊस आला तर काय, हे आधी विचारावेच लागते. शिवाय पत्र नुसता हुकूम देत नाही; प्रत्येक चुकीतून पुढे काय होईल तेही सांगते. परिपत्रके लिहिणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे.

एक गोष्ट मात्र त्यात मिळणार नाही. तिथे बोलणे वरून खाली जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया. त्या कुणब्यांची लेकरे-नातवंडे आता बैठकीत समोर बसून हिशोब विचारतात. त्यांना उत्तर कसे द्यायचे, हे नव्या मुख्याध्यापकाने त्यांच्याकडूनच शिकावे.