खिशातला पहारेकरी : उइगूर मुसलमान आणि त्यांचे फोन

काशगर, खोतान, यारकंद ही रेशीम मार्गावरची जुनी शहरे आज चीनच्या शिनजियांग प्रांतात आहेत. तेथील उइगूर लोक तुर्की कुळातली भाषा बोलतात, ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात आणि बहुतांशी सुन्नी मुसलमान आहेत. १९४९ साली तेथे कम्युनिस्ट राजवट आली. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात मशिदींना कुलुपे लागली. १९८० नंतर ती काहीशी उघडली. पहारा या साऱ्या काळात होताच, पण तो माणसांचा होता. माणूस थकतो, विसरतो, कधी डोळेझाकही करतो. मोबाइल फोनने ही फट बुजवली.

५ जुलै २००९ रोजी राजधानी उरुमचीत दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार १९७ माणसे मेली. त्यानंतर सुमारे दहा महिने प्रांतातले इंटरनेट बंद होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा स्वस्त स्मार्टफोन बाजारात येऊ लागले होते. २०११ मध्ये वीचॅट आले. त्यात बोललेला निरोप पाठवता येई. लिहिण्याची गरज नव्हती. खेड्यातला शेतकरीही आपल्या भाषेत वाझ ऐकू लागला, कुराणाचे पठण नातेवाइकांना पाठवू लागला. विखुरलेल्या समाजाला फोनच्या रूपाने एक चावडी मिळाली.

२०१३-१४ मध्ये हिंसक हल्ले झाले. मार्च २०१४ मध्ये कुनमिंगच्या रेल्वे स्थानकावर ३१ निरपराध माणसे चाकूने मारली गेली. त्या गुन्ह्याचे समर्थन कोणीही करू नये. परंतु मे २०१४ मध्ये सुरू झालेली दहशतवादविरोधी मोहीम हल्लेखोरांपाशी थांबली नाही. संवादाची भाषा बोलणारे अर्थशास्त्राचे प्राध्यापक इल्हाम तोहती यांनी २००६ मध्ये उइगूर प्रश्नावर संकेतस्थळ सुरू केले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

ऑगस्ट २०१६ मध्ये चेन छुआंगुओ तिबेटमधून येथे पक्षसचिव म्हणून आले. १ एप्रिल २०१७ पासून दाढी आणि बुरखा यांवरही बंधन घालणारे नियम लागू झाले. त्याच वर्षी उरुमचीच्या एका भागातील रहिवाशांना ‘जिंगवांग’ नावाचे ॲप फोनमध्ये घालण्याचा हुकूम निघाला. हे ॲप फोनमधल्या प्रत्येक फाइलचा आकडी ठसा घेई आणि पोलिसांच्या यादीशी ताडून पाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२३ मध्ये अशा एका यादीचा अभ्यास मांडला. २०१७-१८ मधील नऊ महिन्यांत एकट्या उरुमचीत १२ लाख फोन जवळपास १ कोटी १० लाख वेळा तपासले गेले होते. यादीशी जुळलेल्या फाइलींपैकी ५७ टक्के नेहमीच्या धार्मिक मजकुराच्या दिसत होत्या. कुराणाचे पठणही त्यांत होते.

या तपासणीच्या वर आणखी एक यंत्रणा होती. चौक्यांवरची, कॅमेऱ्यांची आणि फोनची माहिती एकत्र करून ती संशयितांची नावे काढी. शेजाऱ्यांत न मिसळणे, घराच्या मागच्या दाराने ये-जा करणे, वीज जास्त वापरणे, एवढेही संशयाला पुरे होते. फोन वापरणे एकाएकी थांबवले तरी शंका! फोन ठेवावा तर पुरावा, टाकावा तर संशय. इकडे आड, तिकडे विहीर. २०१९ मध्ये बाहेर आलेल्या सरकारी कागदांनुसार जून २०१७ च्या एकाच आठवड्यात दक्षिण शिनजियांगमध्ये या यंत्रणेने २४,४१२ नावे काढली. त्यांपैकी १५,६८३ जणांची रवानगी ‘शिक्षण-प्रशिक्षण’ छावण्यांत झाली.

या इतिहासातली सर्वांत भयंकर गोष्ट यंत्र नव्हे, काळ आहे. २०१२ मध्ये मोकळेपणाने ऐकलेले वाझ २०१७ मध्ये गुन्ह्याचा पुरावा ठरले. ऐकताना ते गुन्हा असेल असे कोणाला वाटले नव्हते. कायदा बदलला, पण फोनमधली नोंद तशीच राहिली. तौबा करायलाही जागा उरली नाही, कारण पाप कोणते हे नंतर ठरले.

चीन सरकार म्हणते, हे सारे दहशतवाद रोखण्यासाठी होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात म्हटले की, तेथील मोठ्या प्रमाणावरची स्थानबद्धता मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकते. पुढच्याच ऑक्टोबरात मानवाधिकार परिषदेत या अहवालावर केवळ चर्चा करावी की नाही, यावर मतदान झाले. ठराव १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार आणि संयुक्त अरब अमिराती यांनी चर्चेच्या विरोधात मत दिले. भारत तटस्थ राहिला.

उम्मतच्या नावाने सभा गाजवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बंधुत्वाची कसोटी आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध ओरडण्यात नसते. जिथे बोलल्याने व्यापार बुडतो तिथे बोलण्यात असते. आणि हा प्रश्न मुसलमानांपुरताही नाही. जन्माने, भाषेने वा इबादतीने संशयित ठरवण्याची यंत्रणा एकदा उभी राहिली की तिला पुढचे नाव शोधायला वेळ लागत नाही.