फ्रायबर्ग येथील खनिकर्म-शिक्षण आणि त्याचे परदेशी विद्यार्थी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

खनिजसंपन्न देशात जाऊन तेथील खनिकर्मविद्या आत्मसात करावी व ती स्वदेशी वा अन्यत्र उपयोगात आणावी, ही कल्पना आधुनिक वाटली तरी तिची परंपरा अठराव्या शतकापर्यंत मागे जाते. प्रस्तुत निबंधात या परंपरेचे आद्य केंद्र असलेल्या सॅक्सनीतील फ्रायबर्गचा विचार केला आहे.

फ्रायबर्ग परिसरात ११६८ च्या सुमारास चांदी सापडली. सप्तवार्षिक युद्धात (१७५६-६३) सॅक्सनीची तिजोरी रिती झाल्यावर खाणींचे उत्पन्न वाढविण्याच्या हेतूने १७६५ मध्ये तेथे खनिकर्म अकादमी स्थापन झाली. म्हणजे या विद्यापीठाचा उगम ज्ञानलालसेत नसून राज्याच्या आर्थिक निकडीत आहे, हे विसरता येत नाही. अकादमीच्या स्थापनेपूर्वीही, १७३९ मध्ये, रशियन शासनाने लोमोनोसोव्ह याला हेंकेल या तज्ज्ञाकडे शिकण्यासाठी येथे पाठविले होते. गुरूशी न पटल्याने तो पुढील वर्षीच निघून गेला.

१७७५ मध्ये आब्राहाम गोटलोब व्हेर्नर अध्यापक म्हणून रुजू झाला आणि फ्रायबर्गची कीर्ती युरोपभर पसरली. १७९१ मध्ये आलेल्या अलेक्झांडर फॉन हंबोल्टचा दिनक्रम येथील अध्यापनपद्धती स्पष्ट करतो : सकाळ खाणीत, दुपार वर्गात. जेमतेम आठ महिन्यांच्या वास्तव्यात त्याने भूगर्भातील अंधारात वाढणाऱ्या वनस्पतींचाही अभ्यास केला.

परंतु परदेशात मिळविलेल्या विद्येची खरी कसोटी लागली ती मेक्सिकोत. फ्रायबर्गमध्ये शिकलेला फाउस्तो दे एलुयार १७८८ मध्ये जर्मन तज्ज्ञांसह स्पॅनिश वसाहतीत दाखल झाला. तेथे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून 'अंगण-पद्धती' रूढ होती : दळलेले धातुक फरसबंद अंगणात पसरून त्यात मीठ, पारा व भाजलेले ताम्रखनिज मिसळावयाचे आणि खेचरांकरवी ते आठवडेच्या आठवडे तुडवून घ्यावयाचे. युरोपीय दृष्टीला ही पद्धत अर्थातच रानटी वाटली. तिच्या जागी बॉर्न याची धातुक भाजून पाऱ्याबरोबर घुसळण्याची जलद प्रक्रिया आणण्याचा प्रयत्न झाला. तथापि तिला लागणारे मुबलक जळण मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर कोठून येणार? वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनंतर झोनेनश्मिट या फ्रायबर्ग-परंपरेतील तज्ज्ञाने जुनी पद्धतच तेथे श्रेयस्कर असल्याचा निर्वाळा दिला. त्याचा हा प्रामाणिकपणा, माझ्या मते, कोणत्याही शोधाइतकाच मोलाचा आहे. ज्या निनावी स्थानिक मजुरांनी ही पद्धत अडीच शतके जोपासली, त्यांची नोंद मात्र कोणत्याही पदवीपटात नाही.

आयात विद्येचे सारे फलित निष्फळ ठरले, असा याचा अर्थ नव्हे. १७९२ मध्ये मेक्सिको शहरात खनिकर्म-विद्यालय सुरू झाले. (भारतात अशी स्वतंत्र संस्था धनबादला निघण्यास १९२६ साल उजाडले.) या विद्यालयात फ्रायबर्गचाच विद्यार्थी आंद्रेस मानुएल देल रिओ खनिजशास्त्र शिकवू लागला. १८०१ मध्ये सिमापान येथील शिशाच्या खनिजात त्याला एक नवे मूलद्रव्य आढळले. त्याचे नमुने पुढे हंबोल्टमार्फत पॅरिसला गेले. तेथील रसायनज्ञ कोले-देकोतील याने ते क्रोमियमच असल्याचे सांगितले आणि देल रिओने आपला दावा मागे घेतला. १८३० मध्ये सेफस्ट्रोम याने स्वीडनमध्ये तेच मूलद्रव्य नव्याने शोधले व एका नॉर्स देवतेवरून त्याला व्हॅनेडियम हे नाव दिले. दोन्ही द्रव्ये एकच आहेत हे व्होलर याने पुढील वर्षी सिद्ध केले. परंतु तोवर स्वीडनमधील नाव रूढ झाले होते.