पद्मिनी कोणी चालवली?

मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे हिशेब पुरा झाला. पेपरांत फोटो आले, लोक हळहळले. मला मात्र एवढंच वाटलं, की ही बाई बंद पडून गेली नाही, वयात बसेना म्हणून गेली. मग इतकी वर्षं तिला चालती कोणी ठेवली?

थोडं मागे जायला हवं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. (शाळेच्या पुस्तकात वालचंद यायचे ते जहाजांमुळे आणि विमानांमुळे, मोटार बिचारी राहूनच जायची.) तिथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, पण लोकांच्या तोंडी 'फियाट'च राहिली. इटलीत ही ११०० ची मालिका १९७० च्या सुमारास संपली. कुर्ल्यात ती जवळजवळ २००० सालापर्यंत निघत होती!

याचं कारण काही अभिमानाचं नाही. तयार गाड्यांची आयात बंद, नवा कारखाना काढायचा तर परवाना हवा, आणि ग्राहकाने पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. मारुती १९८३ च्या डिसेंबरात आली, तोवर कंपनीला गाडी सुधारण्याची गरजच पडली नाही. पण यातून एक गंमत झाली. पंचवीस-तीस वर्षांत इंजिन तेच, १०८९ सीसीचं. त्यामुळे जुन्या गाडीचे कितीतरी भाग नव्या गाडीतून किंवा कुर्ल्याच्या भंगारातून मिळायचे, आणि मिस्त्री पोरवयात जे शिकला ते म्हातारपणीही उपयोगी पडायचं. मला तरी वाटतं, पद्मिनी टिकली ती मजबुतीपेक्षा यामुळे.

आमच्याकडे १९७९ ची होती, १९८६ मध्ये सेकंडहँड घेतलेली. शिक्षकाच्या पगारात ती कशी पोसली ते सौ.ला विचारा! आमचे मिस्त्री पुस्तक न वाचलेले, पण कानाचे पक्के. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की म्हणत, "सर, टॅपेट वाजतायत." पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा खिशातच असे. किंगपिनला वेळेवर ग्रीस भरलं नाही तर स्टिअरिंग जड होतं, हे त्यांनी आमच्या चिरंजीवांना पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. उन्हाळ्यात बोरघाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडायची. मग एसी पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं. रस्त्याकडेला अशा चार-पाच फियाटी तोंड उघडून उभ्या असत आणि एकमेकांना पाणी देत.

दोनदा बोअर केलं, हेड किती वेळा उतरवलं ते आता आठवत नाही. खरा शत्रू इंजिन नव्हताच, गंज होता. मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा, पत्रा आतून खातात. लांबी भरून, रंग मारून वरून चकचकीत दिसते, पण पायाखालचा पत्रा उचलला की रस्ता दिसतो.

उगाच गोडवे गायचे नाहीत. ब्रेक साधे ड्रमचे, पट्टे बिनभरवशाचे, धूर भरपूर. २००० नंतर न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, तेव्हा शहराची हवा सुधारली, हे मी तरी मान्य करतो. खासगी गाड्यांचं पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपयांवर गेलं, त्याच्या आतच आमची सुटली होती.

वाईट वाटतं ते मिस्त्रींच्या विद्येचं. कानाने ऐकून आजार सांगणारा माणूस नव्या गाडीपुढे उभा राहिला तर त्याला काय ऐकू येणार? तिथे लॅपटॉप जोडावा लागतो. त्यांचा मुलगा एसी दुरुस्तीकडे वळला. शहाणपणाच केला म्हणायचा.

आमची गाडी २००९ मध्ये गेली, पत्र्यानेच दगा दिला. इंजिन शेवटच्या दिवशीही एका सेल्फला सुरू झालं. भंगारवाल्याने बाकी सगळं तसंच ठेवून ते आधी उतरवून घेतलं. म्हणाला, "याला गिऱ्हाईक तयार आहे."