लाक-मेगाँतिक: एका दुरुस्तीपासून रात्री सव्वा वाजेपर्यंत

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात लाक-मेगाँतिक नावाचं सुमारे 6,000 वस्तीचं गाव आहे. 6 जुलै 2013 च्या रात्री 1.15 वाजता कच्च्या तेलाने भरलेली, आत एकही माणूस नसलेली मालगाडी या गावाच्या मध्यावर घसरली. 47 माणसं मेली. चौकशीत हँडब्रेक, एअर ब्रेक, उतार असं बरंच काही निघालं. पण पहिली चूक रुळांवर घडली नव्हती. ती आठ महिने आधी, एका डिझेल इंजिनाच्या ब्लॉकवर काम करताना झाली होती.

ऑक्टोबर 2012

माँट्रियल, मेन अँड अटलांटिक रेल्वे या कंपनीचं 5017 क्रमांकाचं डिझेल लोको (लोकोमोटिव्ह) आतलं इंजिन बिघडल्यामुळे कारखान्यात आलं. ब्लॉकची रीतसर दुरुस्ती करायची तर वेळ आणि पैसा दोन्ही लागणार होते, आणि लोको लवकर मार्गावर हवं होतं. म्हणून कॅमशाफ्टच्या बेअरिंगची जागा एपॉक्सीसारखं मिश्रण भरून तयार केली. या कामाला लागणारी ताकद आणि टिकाऊपणा त्या मिश्रणात नव्हता. वर बेअरिंगचा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला. बेअरिंगला तडा गेला.

पुढची साखळी कोणताही डिझेल मेकॅनिक बोटांवर मोजून सांगेल. बेअरिंग फुटलं की सिलिंडरच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्हना तेल कमी पोचतं. कोरडे व्हॉल्व्ह खराब होतात. त्यामुळे शेवटी पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. तिथून इंजिनऑइल सिलिंडरमध्ये शिरतं, मॅनिफोल्डमध्ये साचतं आणि टर्बोचार्जरपर्यंत पोचतं. टर्बो तापलेला असतो.

हे निदान झालं ते अपघातानंतर, प्रयोगशाळेत इंजिन खोलल्यावर.

जुलै 2013, पहिला आठवडा

दुसऱ्या एका चालकाने 5017 ची तक्रार कळवली. इंजिन एका लयीत चालत नव्हतं, फेरे आपोआप वरखाली होत होते. मेकॅनिक याला हंटिंग म्हणतात. लोको काढून घेतलं नाही. ते ताफ्यात सर्वांत पुढेच राहिलं.

शुक्रवार, 5 जुलै, दुपारी 1.55

क्युबेकमधल्याच फार्नमहून गाडी सुटली. पाच लोको, पुढे 5017. मागे 72 वाघिणी, त्यांत नॉर्थ डकोटाच्या बाकेन भागातलं 77 लाख लिटर कच्चं तेल. एकूण वजन 10,000 टनांच्या वर. चालक एकटाच. या मार्गावर एका माणसाने गाडी चालवायची पद्धत कंपनीने वर्षभरापूर्वीच सुरू केली होती.

वाटेत त्याने नियंत्रकाला कळवलं की पुढचं लोको त्रास देतंय, वेग टिकत नाही.

रात्री 10.50

नाँत. लाक-मेगाँतिकच्या 11.6 किलोमीटर अलीकडे, आणि गावापेक्षा उंचावर. इथून गावापर्यंत दर 100 मीटरला सरासरी 94 सेंटिमीटर उतार आहे. गाडी मुख्य मार्गावरच उभी केली. सकाळी दुसरा चालक ती पुढे नेणार होता.

चालकाने सात हँडब्रेक लावले: पाच लोकोंचे आणि आणखी दोन डब्यांचे. एवढ्या वाघिणींना कंपनीच्या नियमाप्रमाणे किमान नऊ लागत होते. हँडब्रेक धरतात की नाही हे तपासायचं तर बाकीचे सगळे ब्रेक सोडायचे आणि मग लोकोचा जोर लावून गाडी हलते का ते पाहायचं. त्याने तपासलं, पण लोकोंचे एअर ब्रेक लावलेले ठेवून. गाडी हलली नाही. हँडब्रेक पुरेसे आहेत, असा त्यावरून अर्थ निघाला.

रात्री 11.05

मागची चार लोको बंद केली. 5017 चालू ठेवलं. आता सगळा भार याच एका इंजिनावर होता. ते चालतं तोवर त्याचा कॉम्प्रेसर हवा भरत राहतो. हवा आहे तोवर लोकोंचे ब्रेक धरतात, आणि त्यांच्या जोरावर सात हँडब्रेक पुरल्यासारखे दिसतात.

चालकाने फार्नमच्या नियंत्रकाला गाडी सुरक्षित उभी असल्याचं कळवलं. मग पुढच्या टप्प्याच्या, बँगोरच्या नियंत्रकाशी बोलला. 5017 च्या चिमणीतून काळा आणि पांढरा धूर फार येतोय, असं त्याने सांगितलं.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ बाहेर येतेय. दोन्ही एकाच वेळी आणि जोरात येऊ लागले तर इंजिन बंद करून खोलायला हवं. इथे ठरलं ते असं: थोड्या वेळाने आपोआप कमी होईल, नाही झालं तर सकाळी पाहू.

रात्री साडेअकराच्या सुमारास

चालकाला हॉटेलवर न्यायला टॅक्सी आली. टॅक्सीच्या काचेवर तेलाचे थेंब पडत होते. टॅक्सीचालकाने धूर पाहिला आणि विचारलं, हे असं सोडून जाणं पर्यावरणाला बरं आहे का? कंपनीला कळवलंय, असंच ठेवायचं ठरलंय, असं उत्तर मिळालं. टॅक्सी निघाली.

या सगळ्या घटनाक्रमात मी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो इथे. ज्याचा रेल्वेशी काही संबंध नव्हता त्या माणसाला काचेवरचं तेल पाहून प्रश्न पडला.

रात्री 11.40

नाँतमधून आणीबाणीच्या क्रमांकावर फोन गेला: उभ्या गाडीला आग लागलीय. टर्बोपाशी साचलेल्या तेलाने पेट घेतला होता.

मध्यरात्रीच्या सुमारास

अग्निशमन दलाने 5017 चा इंधनपुरवठा तोडला. इंजिन थांबलं. जवानांनी आतले विजेचे खटकेही पाडले. आग विझवायला गेलेला माणूस हेच करेल, आणि तेच बरोबर होतं.

वीज तुटली की ब्रेक आपोआप कचकचून लागावेत, अशी जोडणी लोकोच्या सुरक्षायंत्रणेत करता येते. 5017 वर ती तशी केलेली नव्हती.

कॉम्प्रेसर थांबला. त्या वेळी लोकोंच्या ब्रेकमधला दाब दर चौरस इंचाला 69 पाउंड होता.

सव्वाबाराच्या सुमारास

आग विझली. कंपनीचा एक माणूस जागेवर पोचला होता, पण तो रूळ सांभाळणारा होता. लोको कसं चालतं हे त्याचं काम नव्हतं. फार्नमच्या नियंत्रकाशी बोलणं झालं आणि सगळे निघून गेले.

हॉटेलवर चालकाला फोनवरून आगीची बातमी कळली. परत जाऊन दुसरं लोको सुरू करू का, असं त्याने विचारलं. गरज नाही, असं उत्तर मिळालं.

दुसरं कोणतंही एक लोको सुरू झालं असतं तर ब्रेकमध्ये पुन्हा हवा भरली असती.

12.15 ते 12.58

गाडीजवळ कोणी नव्हतं. सांध्यांमधून हवा थोडी थोडी गळत होती. मिनिटाला साधारण एक पाउंड दाब उतरत होता.

12.58

दाब 27 पाउंडांवर आला. आता सात हँडब्रेक आणि ही उरलेली हवा मिळूनही 10,000 टन धरवेनात. गाडी उताराला लागली. 5017 बंद असल्यामुळे दिवा नव्हता, भोंगा नव्हता.

शुक्रवारची रात्र होती. गावातल्या म्युझी-कॅफेत गर्दी होती, गाणं चालू होतं.

1.15

ताशी 104 किलोमीटर वेगाने गाडी गावातल्या वळणावर आली. लोको रुळांवरच राहिली आणि तुटून पुढे गेली. मागच्या वाघिणींपैकी 63 घसरल्या. सुमारे 60 लाख लिटर तेल बाहेर आलं आणि जवळजवळ लगेच पेटलं. 40 इमारती आणि 53 वाहनं नष्ट झाली. 2,000 लोकांना घरं सोडावी लागली. मृतांपैकी बरेचजण म्युझी-कॅफेत होते.

त्यानंतर

ऑगस्ट 2013 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑगस्ट 2014 मध्ये कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अहवाल दिला. त्यात 18 कारणं आणि कारणीभूत बाबी आहेत. ती गाडी त्या उतारावर धरायला किमान 17, कदाचित 26 हँडब्रेक लागले असते, असा मंडळाचा हिशेब आहे. जानेवारी 2018 मध्ये चालक, नियंत्रक आणि व्यवस्थापक अशा तिघा कर्मचाऱ्यांना ज्युरीने फौजदारी निष्काळजीपणाच्या आरोपातून निर्दोष सोडलं.

हँडब्रेक कमी होते, हे खरंच. पण 5017 आणखी काही दिवस कारखान्यात ठेवून त्याच्या ब्लॉकचं काम नीट केलं असतं, तर त्या रात्री विझवायला आग नसती, इंजिन बंद करावं लागलं नसतं आणि ब्रेकमधली हवा गेली नसती. 47 मृत्यूंचा हिशेब मी ऑक्टोबर 2012 पासून धरतो.